झॉम्बीज : दुकान बंद झाल्यावर आलेलं गिऱ्हाईक

काळी तबकडी

परवा बीटल्सच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं की साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडांपैकी बीटल्स, स्टोन्स, किंक्स आणि हू एवढे सोडले तर बाकीचे सगळे एकेका गाण्याचे धनी. तिथे उत्तर द्यायला बसलो, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

मी एकाच बँडबद्दल बोलणार आहे, झॉम्बीज. नाव भुताखेतांचं, पोरं मात्र शाळेत पहिल्या बाकावर बसणारी. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने जाहिरात करताना पोरांनी 'ओ लेव्हल'च्या परीक्षांत काय दिवे लावले तेही सांगून टाकलं होतं. बीट बँडची जाहिरात दहावीच्या गुणपत्रिकेवर! चष्मे, कोट, टाय. स्टोन्सची पोरं भिंतीला टेकून सिगारेट ओढत असताना हे म्हणजे शेजारच्या काकूंनी 'बघ, शिक काहीतरी' म्हणून दाखवावेत असे.

गाव सेंट ऑल्बन्स, लंडनच्या उत्तरेला. १९६१ च्या ईस्टरच्या सुमारास 'ब्लॅकस्मिथ्स आर्म्स' नावाच्या पबबाहेर पाच पोरं पहिल्यांदा एकत्र आली. रॉड आर्जंट, पॉल अ‍ॅटकिन्सन आणि ह्यू ग्रंडी एका शाळेतले, कॉलिन ब्लनस्टोन आणि पॉल अर्नोल्ड दुसऱ्या शाळेतले. कॉलिन आला तो रग्बीत नाक मोडून, डोळा काळानिळा करून.

ठरलेलं असं की रॉड गाणार आणि कॉलिन गिटार वाजवणार. तालमीच्या मध्ये रॉड सहज तिथल्या जुन्या पियानोवर बसला. कॉलिनने ते ऐकलं आणि म्हणाला, अरे तू हेच वाजव. मग कॉलिन आपल्याशीच गिटारवर काहीतरी गुणगुणत होता ते रॉडने ऐकलं आणि म्हणाला, मग गाणार तू. बँडची सगळी मांडणी अशी मधल्या सुट्टीत ठरली. पुढे अर्नोल्ड डॉक्टर व्हायला निघून गेला आणि बेस गिटारवर क्रिस व्हाइट आला. हा बदल लक्षात ठेवा, कारण क्रिस गाणी लिहायचा.

१९६४ च्या वसंतात हर्टफर्डशरमधल्या बीट बँडांची स्पर्धा झाली. 'हर्ट्स बीट' तिचं नाव, हृदयाच्या ठोक्यावर केलेली कोटी. ती यांनी जिंकली आणि डेक्का कंपनीचा करार झाला. निर्माता केन जोन्स सहज म्हणाला, रेकॉर्डिंगला अजून वेळ आहे, स्वतःचं काहीतरी लिहून आणा. रॉडने लिहून आणलं ते 'शीज नॉट देअर'.

१२ जून १९६४. वेस्ट हॅम्पस्टेडमधला डेक्काचा स्टुडिओ, संध्याकाळची वेळ. मुख्य ध्वनिमुद्रक दुपारी एका लग्नाला जाऊन आलेला, चांगलाच 'तर्र'. शेवटी त्याला हातापायाला धरून जिना चढवून टॅक्सीत घालावं लागलं. त्याच्या खुर्चीत बसला हाताखालचा एक पोरगा, गस डजन. स्वतंत्रपणे सांभाळलेलं त्याचं हे पहिलंच काम. हाच पुढे एल्टन जॉनचा निर्माता झाला.

गाणं ब्रिटनमध्ये १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत बिलबोर्ड या साप्ताहिकाच्या यादीत दुसऱ्या. त्यानंतर 'टेल हर नो' अमेरिकेत सहावं. मायदेशात मात्र ४२ वं. आणि मग उतार. सिंगलमागून सिंगल (एकेका गाण्याची छोटी तबकडी) पडत गेलं. जेवणाची वेळ झाली, उरलेलं प्रतिसादात लिहितो.

रानवारा

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तिरपागडा

म्हणजे शेवटी एका गाण्याचेच धनी ना? की दोन? मीच लिहिलं होतं ते तिकडे. मी सँटाना या अमेरिकन गिटारवाल्याचं 'शीज नॉट देअर' ऐकून मोठा झालो, ते मूळ त्याचंच असं वाटायचं. कॉलेजात एकाशी पैजही हरलोय त्यावरून.

बोरिवली फास्ट

सँटानाचं १९७७ चं. पुष्कळांचा तोच समज आहे, पैज हरल्याची लाज नको. पण मूळ गाणं ऐका एकदा. त्यात गिटार जवळजवळ नाहीच. होनर कंपनीचा एक इलेक्ट्रिक पियानो, ढोल आणि बेस. तोपर्यंतच्या बीट बँडांचा सगळा थाट गिटारचा, हे लोक पुढे आले ते पियानो घेऊन. आणि कॉलिन गातो कसा, तर कानात कुजबुजल्यासारखा. ओरडायची फॅशन असताना हा श्वास सोडतो.

मी ढोल वाजवतो म्हणून एक आगाऊ सूचना. हे गाणं मोनोमध्येच ऐका. मिक्स करताना ह्यू ग्रंडीकडून ढोलाचा आणखी एक थर वाजवून घेतला, तो फक्त मोनो मिक्समध्ये उतरला. स्टिरिओत तो नाही. त्यामुळे स्टिरिओ ऐकलं की वरण आहे पण फोडणी नाही असं होतं.

स्वरगंगेच्या काठी

मी पेटी शिकवते. पाश्चात्त्य संगीतात माझी गती बेताची, पण हा धागा वाचून आत्ता गाणं लावलं. कडव्याला कोमल गंधार, कोमल निषाद आणि धैवत शुद्ध! काफी थाट झाला की हा. दोनच कॉर्ड्सवर झुलत राहतात आणि शुद्ध धैवत दुसऱ्या कॉर्डमध्ये चमकतो. मग धृपदाकडे जाताना कोमल निषाद सोडून शुद्धावर येतात तिथे अंगावर काटा आला. आणि शेवटचा कॉर्ड ऐकलात का? सगळं गाणं कोमल गंधारात आणि संपताना शुद्ध गंधार. ती नाहीच म्हणून रडताय आणि शेवटी हसताय कसले?

काळी तबकडी

स्वरगंगाताई, शेवटच्या कॉर्डबद्दल अगदी अचूक. रॉड लहानपणी सेंट ऑल्बन्स कथीड्रलच्या गायकवृंदात गायचा. चर्चच्या जुन्या संगीतात दुःखी सुरावट सुखी कॉर्डवर संपवायची रीत आहेच. थाटाचं मात्र जपून म्हणतो. तो ते रागासारखं मांडत नाही, कॉर्ड्समधून येतं. पण कान तुमचा पक्का.

तिरपागडा, 'दोनच गाणी' म्हणाल हे ठाऊकच होतं. आता खरी गोष्ट.

१९६४ च्या नाताळात ही पोरं न्यूयॉर्कला गेली. ब्रुकलिनच्या फॉक्स थिएटरात मरे द के या रेडिओवाल्याचा नाताळचा कार्यक्रम, बरोबर पॅटी लाबेल, शांग्रिलाज, बेन ई. किंग. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, ज्यांच्या तबकड्या घरी झिजवल्या त्यांच्याबरोबर एकाच विंगेत उभी. पुढच्या वर्षी ऑटो प्रेमिंजरच्या 'बनी लेक इज मिसिंग' या सिनेमात झळकली. १९६७ मध्ये फिलिपिन्सला गेली. तिथे आपण एवढे मोठे आहोत हे त्यांना विमानातून उतरल्यावर कळलं. आरानेता कलोसियमसारख्या प्रचंड सभागृहात हजारोंची गर्दी, आणि हातात पडले ते चिल्लर वाटावेत असे पैसे.

तोवर डेक्काचा करार संपत आला होता. रॉड आणि क्रिसच्या मनात एकच होतं, की फुटायचंच असेल तर फुटण्याआधी आपल्या मनासारखी एक तबकडी करू. निर्माताही आपणच. सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने हजार पौंड दिले. हजार! जून १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम सुरू झालं. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' नुकताच तिथून बाहेर पडलेला. लेननचा मेलोट्रॉन तिथेच पडून होता. कळ दाबली की आत टेप फिरते आणि व्हायोलिनचा किंवा बासरीचा आवाज येतो असं ते यंत्र. वाद्यवृंद बोलवायला पैसे नव्हते, यांनी तेच ओढून घेतलं. गाणी घरून घोटून आणायचे, कारण स्टुडिओचा तास म्हणजे पैसा. पुढे कंपनी म्हणाली स्टिरिओ मिक्सही हवं, तर त्याचा खर्च रॉड आणि क्रिसने पदरचा केला.

ती तबकडी म्हणजे 'ओडेसी अँड ऑरॅकल'. मुखपृष्ठ क्रिसबरोबर राहणाऱ्या टेरी क्वर्क या चित्रकाराने काढलं आणि त्यात 'ओडेसी'चं स्पेलिंगच चुकवलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मग मंडळी कित्येक वर्षं ते मुद्दाम केलेली शब्दकोटी म्हणून खपवत राहिली.

सगळ्यात शेवटी मुद्रित झालेल्या गाण्यांतलं एक 'टाइम ऑफ द सीझन'. ते म्हणताना रॉड सारखा चुका काढत होता. कॉलिन वैतागून म्हणाला, एवढं येतं तर तूच ये आणि गा. जिंदगीतलं सगळ्यात मोठं गाणं असं भांडणात पार पडलं.

डिसेंबर १९६७ मध्ये बँड फुटला. तबकडी बाजारात आली एप्रिल १९६८ मध्ये. ब्रिटनमध्ये कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

रानवारा

थांबा थांबा. तबकडी यायच्या आधीच फुटले? एवढं जीव ओतून काम केल्यावर? चार महिने दम धरता आला नाही का?

तिरपागडा

+१. की नेहमीचंच? बाई, दारू, अहंकार?

काळी तबकडी

यातलं काहीही नाही. हिशेब. आणि हा धागा मी खरं तर यासाठीच काढलाय.

तबकडी विकली गेली की दोन वाटांनी पैसा येतो. एक वाट बँडची, कंपनीने टिचून दिलेली, पाच जणांत वाटलेली आणि मध्ये व्यवस्थापक, एजंट बसलेले. दुसरी वाट गीतकार-संगीतकाराची, ती बँडकडे जातच नाही. आता गंमत बघा. 'शीज नॉट देअर' रॉडचं. त्याच्या मागच्या बाजूचं 'यू मेक मी फील गुड' क्रिसचं. मागची बाजू कुणी ऐको न ऐको, तबकडी एकच, म्हणून तिच्या विक्रीवरचा रचनेचा मोबदला दोन्ही बाजूंना सारखा. अमेरिकेत धो धो खपलेल्या त्या तबकडीवर रॉड कमावत होता, क्रिसही कमावत होता.

उरलेले तिघे, म्हणजे कॉलिन, पॉल आणि ह्यू, यांची भाकरी दौऱ्यांवर. ब्रिटनमध्ये गाणी वाजेनाशी झाली की दौऱ्याचा दर पडतो. १९६७ पर्यंत तिघांच्या हाती काही उरेना. पॉलचं लग्न ठरलेलं. रॉड आणि क्रिसला दम धरणं परवडत होतं, या तिघांना नाही. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नाही. एका गाडीत बसून एकाच गावाला जाणाऱ्या पाच जणांपैकी दोघांच्या खिशात पैसे, तिघांच्या नाहीत. असा प्रवास किती दिवस चालणार?

खडूस आजोबा

यात नवल काय. आपल्याकडे साठच्या दशकातच लताबाई आणि रफीसाहेबांचं याच प्रश्नावर वाजलं होतं. लताबाई म्हणत गायकालाही रॉयल्टी हवी. रफीसाहेब म्हणत गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. ज्याच्या आवाजावर गाणं विकलं जातं त्याच्या हाती काय, हा प्रश्न सेंट ऑल्बन्समध्ये आणि ताडदेवमध्ये सारखाच.

पण तबकडीवाले, तुमच्या रॉड आणि क्रिसला मी एवढ्यात सोडणार नाही. लेखनाचे पैसे पाचांत वाटले असते तर?

काळी तबकडी

आजोबा, त्या वेळी तसं कुणी करत नव्हतं. लेनन-मॅकार्टनीचे पैसे रिंगोला कुठे मिळत होते? आणि दोघांनी घरचे पैसे तबकडीत घातलेच की. तरीही तुमचा प्रश्न बोचतो, हे खरं. कॉलिनच्या आवाजाशिवाय ती गाणी उभीच राहिली नसती.

परदेशी पाखरू

मी सेंट ऑल्बन्सला गेली अकरा वर्षं राहते, या गावावर मराठीत धागा येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं! ब्लॅकस्मिथ्स आर्म्स सेंट पीटर्स स्ट्रीटवर आहे. बुधवारी आणि शनिवारी तिथेच आठवडी बाजार भरतो. मी त्या पबसमोर उभी राहून कोथिंबिरीचा भाव केलाय आणि मला पत्ताच नव्हता. कथीड्रलचा गायकवृंद अजून आहे, संध्याकाळच्या प्रार्थनेला पोरं गातात. एकदा बसून ऐकलं तर झॉम्बीजच्या मागच्या आवाजांची ती एकावर एक रचलेली थप्पी कुठून आली ते समजतं.

अवखळ

जाता जाता, ब्रिटिश रॉकचं मूळ आपल्या पाचगणीत आहे. फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत होता आणि 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा.

काळी तबकडी

अवखळ, खरं आहे, पण फ्रेडीचा बँड क्वीन सत्तरच्या दशकातला. पाचगणीचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे विषयांतर नको.

बोरिवली फास्ट

काका, ते खोट्या बँडचं सांगा ना! अमेरिकेत झीझी टॉप या रॉक बँडवाले झॉम्बीज बनून फिरले होते ते.

काळी तबकडी

काका कोण? असो.

आधी गाणं हिट कसं झालं ते. अल कूपर हा अमेरिकन वादक लंडनहून तबकड्यांचा गठ्ठा घेऊन आला, त्यात ही होती. तो कोलंबिया, म्हणजे सीबीएसच्याच अमेरिकेतल्या कंपनीत नुकताच लागलेला. वर जाऊन सांगितलं, ही तबकडी कुणाकडेही असू दे, विकत घ्या. उत्तर मिळालं, ती आपलीच आहे, आपण ती काढायची नाही असं ठरवलंय. त्याने हट्ट सोडला नाही, म्हणून कंपनीच्या 'डेट' या धाकट्या लेबलवर ती आली. पहिलं सिंगल कोणतं काढलं? 'बुचर्स टेल'. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात थरथरणाऱ्या खाटकाचं गाणं. व्हिएतनामचे दिवस होते, चालेल असं वाटलं. अर्थातच आपटलं. मग उशिराने 'टाइम ऑफ द सीझन'. ते हळूहळू चढत १९६९ च्या मार्चमध्ये बिलबोर्डवर तिसरं आणि कॅशबॉक्सच्या यादीत पहिलं.

आणि बँड? बँड फुटून सव्वा वर्ष झालेलं. बँड फुटल्यावर कॉलिन लंडनमध्ये एका विमा कंपनीत चिकटला होता, घरफोडीचे दावे बघणाऱ्या विभागात. पॉल कॉम्प्युटरच्या कामाला लागलेला. रॉड आणि क्रिस नवीन बँडच्या, म्हणजे 'आर्जंट'च्या खटपटीत. परत एकत्र या म्हणून चांगल्या रकमा पुढे आल्या. नाही म्हणाले.

तुमचा खोटा बँड इथे उगवतो. मागणी आहे, माल नाही, मग काय होणार? मिशिगनमधल्या एका कंपनीने नकली झॉम्बीज उभे केले, एक नाही तर दोन. टेक्ससवाल्या टोळीत डस्टी हिल आणि फ्रँक बीअर्ड होते. झीझी टॉप त्यानंतरचं, त्यामुळे 'झीझी टॉप झॉम्बीज बनले' हे बरोबर नाही, त्यातले दोघे आधी झॉम्बीज बनले होते एवढंच. कॅमेरे घरोघरी नव्हते, इंटरनेट नव्हतं. इंग्लंडमधली खरी पाच तोंडं कुणी पाहिली होती?

तिरपागडा

कॉलिन विम्याच्या कचेरीत घरफोडीचे कागद बघतोय आणि त्याच वेळी त्याच्याच नावाने अमेरिकेत घरफोडी चालू आहे! शब्द मागे घेतो. एका गाण्याचे धनी नाहीत. धनी बाहेरगावी होते.

रानवारा

पुढे काय झालं सगळ्यांचं?

काळी तबकडी

थोडक्यात सांगतो. कॉलिन 'नील मॅकार्थर' या टोपणनावाने परत 'शीज नॉट देअर' गायला, मग स्वतःच्या नावाने १९७१ ची 'वन इयर' केली. तिची निर्मिती रॉड आणि क्रिसनेच केली, म्हणून म्हटलं की वैर नव्हतं. 'आर्जंट'चं 'होल्ड युअर हेड अप' १९७२ मध्ये गाजलं. पॉल रेकॉर्ड कंपनीत वर चढत गेला, नवे कलाकार हेरणारा म्हणून त्याचं नाव झालं. २००४ मध्ये गेला. रॉड आणि कॉलिन या शतकात झॉम्बीज नावाने परत गाऊ लागले. बेसवर रॉडचा नात्यातला भाऊ जिम रॉडफर्ड, ज्याच्या बँडचं सामान उसनं घेऊन १९६१ ची पहिली तालीम झाली होती. मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरला 'ओडेसी' पहिल्यांदा पूर्णपणे रंगमंचावर वाजवली. मुद्रण होऊन चाळीस वर्षं झाल्यावर!

आणि २९ मार्च २०१९ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान. कार्यक्रम ब्रुकलिनमध्ये. कॅशबॉक्सवर पहिला क्रमांक मिळाला त्या तारखेला बरोबर पन्नास वर्षं. रॉड, कॉलिन, क्रिस आणि ह्यू हजर होते. २०२४ मध्ये रॉडला पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर त्याने दौरे थांबवले.

खडूस आजोबा

चौघे जिवंतपणी स्वतःच्या पायांनी मंचावर चढले हे बरं झालं. आपल्याकडे पुरस्कार बहुधा मुलगा स्वीकारतो.

स्वरगंगेच्या काठी

काल रात्री सबंध तबकडी ऐकली. 'केअर ऑफ सेल ४४' दोनदा. एवढी आनंदी चाल, आणि शब्द तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीची वाट बघणारे. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, याचा निषेध.

पण मला विचारायचंय ते 'बुचर्स टेल'बद्दल. ते वाद्य कोणतं? मेलोट्रॉन नाही वाटत.

काळी तबकडी

निषेध मान्य. ते वाद्य म्हणजे क्रिसकडचा जुना अमेरिकन बनावटीचा पायाने भाता मारायचा ऑर्गन. गातोयही क्रिसच, कॉलिन नाही. आवाज थोडा कापरा आहे, खाटकाच्या तोंडी तोच शोभतो.

स्वरगंगेच्या काठी

मग बरोबर. माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून संगीत नाटकं पाहिलेली. काल मी ते गाणं लावल्यावर आतल्या खोलीतून हाक आली, "अगं, पायपेटी कुणाकडे वाजतेय? भात्याला भोक पडलंय म्हणावं."